ड्रेनचा डबा सांडू नये म्हणून: पहिल्या रेषेपासून वॉर्डातल्या चाचणीपर्यंत

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतल्या रबाळे, महापे, तुर्भ्यापर्यंत प्लास्टिकचं काम करणारे कारखानदार आणि इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं माझ्याकडे ड्रेनचा, म्हणजे रुग्णाच्या शरीरातून नळीने काढलेला द्रव साठवायचा, ‘न सांडणारा’ डबा घेऊन येतात. बहुतेक जण तो टेबलावर उलटा धरून दाखवतात. पाण्याचा थेंबही पडत नाही. मग मी विचारते, हा रिकामा कोण करणार, कुठे, आणि तेव्हा त्या माणसाचा दुसरा हात कशात अडकलेला असेल? उत्तर येत नाही.

लघवी, पोटातलं पाणी, छातीतला पू, जखमेतलं रक्त, सक्शनने ओढलेला कफ हे सगळं डबा शांत उभा असताना क्वचितच सांडतं. नळी काढताना सांडतं, डबा उचलताना सांडतं, लिफ्टच्या फटीवरून स्ट्रेचर उसळतं तेव्हा आणि मोरीत ओतताना सांडतं. म्हणून आरेखनाची सुरुवात या क्षणांपासून करायची, आकार नंतर. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. सगळ्यात जास्त चुका टप्पा २ आणि टप्पा ५ मध्ये होतात, तिथे घाई करू नका.

तयारी: संगणक उघडण्याआधी

रुग्णालयाची लेखी परवानगी घेऊन निदान तीन पाळ्या वॉर्डात उभं राहा. त्यातली एक रात्रपाळी हवीच. रुग्णाचा चेहरा, केसपेपर, बेड नंबर यांपैकी कशाचाही फोटो काढायचा नाही. वहीत चित्र काढा. जाण्याआधी हिपॅटायटिस-बीची लस घेतलेली असावी. तिचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्यायचे असतात, तेव्हा प्रकल्प ठरला त्याच आठवड्यात पहिला डोस घ्या.

पाहायचं ते सिस्टर, मावशी आणि मामांचे हात. डॉक्टर नळी घालून निघून जातात. पुढचे चार दिवस तो डबा मावशींच्या हातात असतो. एकेका डब्याचा प्रवास लिहून काढा: कपाटातून काढला, जोडला, टांगला, मोजला, उचलला, नेला, ओतला, धुतला किंवा टाकला. प्रत्येक पायरीपुढे हात किती लागले, ग्लोव्हज ओले होते का आणि काही गळलं का, एवढं नोंदवा.

आणि घरी जाणारा रुग्ण विसरू नका. ड्रेन किंवा युरोबॅग (लघवीची पिशवी) घेऊन माणसं रिक्षाने स्टेशनला येतात, पिशवी शालीखाली लपवून लोकलमध्ये उभी राहतात. त्या पिशवीला आधार फक्त नातेवाइकाच्या बोटाचा असतो.

> तपासणी: ‘द्रव नेमका कोणत्या क्षणी सांडतो’ याचे निदान पाच प्रसंग स्वतः पाहून लिहिलेत? नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा १: द्रव कोणता, किती, कसा येतो

‘सगळ्याला चालेल’ असा डबा कशालाच नीट चालत नाही. मोठ्या माणसाची युरोबॅग साधारण २ लिटरची असते, द्रव तिच्यात थेंबाथेंबाने स्वतःच्या वजनाने उतरतो. पोटातलं पाणी काढताना एका वेळी ५ लिटर किंवा त्याहूनही जास्त निघू शकतं. सक्शनचा डबा निर्वाताखाली काम करतो, आत येणारा द्रव हवेबरोबर आपटत, फेसाळत येतो. छातीच्या नळीतून, म्हणजे आयसीडीतून, द्रवाबरोबर हवाही बाहेर पडायची असते.

एक प्रकार निवडा. मग तीन गोष्टी लिहा: एका वेळचं जास्तीत जास्त प्रमाण, जाडपणा (पू की पाणी), आणि गाठी किंवा फेस येतो का. डब्याची भरण्याची रेषा पूर्ण क्षमतेच्या तीन चतुर्थांशावर धरा. वरची रिकामी जागा फेसासाठी आणि हिंदकळण्यासाठी लागते, ती वाया गेलेली जागा समजू नका.

टप्पा २: हवा कुठून जाणार ते आधी ठरवा

आरेखन करणाऱ्याला सगळं बंद करावंसं वाटतं. पण कडक भिंतीच्या बंद डब्यात द्रव आत यायचा तर तेवढी हवा बाहेर जायला हवी. ती गेली नाही तर आत दाब वाढतो आणि निचरा थांबतो. बाहेरून डबा कोरडा दिसतो, रुग्णाच्या पोटात मात्र पाणी तसंच राहतं.

त्यामुळे कडक डब्याला हवेची वाट हवी, आणि त्या वाटेवर पाणी न शोषणारी, हवा मात्र जाऊ देणारी पीटीएफईची (टेफ्लॉनची) पातळ जाळी. जाळी सर्वांत उंच जागी बसवा आणि तिच्याखाली एक आडवी पट्टी द्या, म्हणजे शिंतोडे थेट तिच्यावर उडणार नाहीत. मऊ पिशवी रिकामी असताना चपटी असते, भरताना फुगते. तिला बहुतेक वेळा वेगळी वाट लागत नाही.

माझी स्वतःची चूक इथलीच. साध्या पाण्यावर तासन्‌तास चाललेलं झाकण एका रुग्णालयात चाचणीला दिलं. प्रथिनांनी भरलेला फेस जाळीवर चढला, ती ओली होऊन बंद पडली, सक्शन थांबलं. सिस्टरने जे करायला हवं तेच केलं, झाकण उघडलं. सगळं तिच्या एप्रनवर आलं. मी आडवी पट्टी दिलीच नव्हती.

सक्शनच्या डब्यात भरल्यावर वाट बंद करणारा तरंगता गोळाही असतो. फेस हलका असतो, तो गोळ्याला उचलत नाही, गोळा खालीच राहतो आणि फेस थेट भिंतीतल्या सक्शनच्या लाइनकडे जातो. गोळा आणि जाळी दोन्ही ठेवा, एकाच्या भरवशावर राहू नका.

> इशारा: आयसीडीच्या डब्यात हवा अडवणारी कोणतीही झडप ‘सांडू नये’ म्हणून घालू नका. फुप्फुसातून हवा गळत असेल आणि तिला बाहेर पडता आलं नाही, तर ती छातीत साठून रुग्णाचा जीव जाऊ शकतो. या डब्यात नळीचं टोक साधारण २ सेंटीमीटर पाण्याखाली असतं. डबा कलंडला तर ते टोक उघडं पडतं आणि हवा उलटी आत शिरू शकते. इथे कलंडणं म्हणजे नुसती फरशी खराब होणं राहत नाही.

द्रव मागे जाऊ न देणारी झडप मात्र युरोबॅगेला लागतेच. पिशवी उचलली तरी लघवी मागे नळीत आणि मूत्राशयाकडे जाता कामा नये.

टप्पा ३: न कलंडणारा आकार

थोडं गणित करा. तळाची अर्धी रुंदी भागिले गुरुत्वमध्याची उंची (साधारण भरलेल्या उंचीच्या निम्मी), हे ज्या कोनाचं टॅन असेल त्या कोनापलीकडे डबा पडतो. ११ सेंटीमीटर व्यासाचा आणि २२ सेंटीमीटर उंच भरलेला डबा साधारण २.१ लिटर घेतो आणि सुमारे २७ अंशांवर कलंडतो. १४ व्यास आणि १४ उंची केली तरी तेवढाच द्रव मावतो, पण कोन ४५ अंशांवर जातो. प्रत्यक्षात द्रव उताराकडे सरकतो, म्हणून कोन याहून कमीच मिळतो.

मग सगळेच डबे बुटके का नसतात? कारण १४ सेंटीमीटरचा डबा ओल्या ग्लोव्हजच्या एका हातात मावत नाही. बुटका केलात तर मूठ द्या आणि ती ग्लोव्हजसह चार बोटं शिरतील एवढी मोठी ठेवा. भरलेला २ लिटरचा डबा दोन किलोच्या वर जातो, पातळ कडी बोटाला कापते.

बहुतेक डबे स्वतःहून पडत नाहीत, नळी त्यांना ओढून पाडते. रुग्ण कूस वळतो, नळी ताणते, डबा जातो. त्यासाठी पलंगाच्या गजावर अडकणारा हूक द्या; तो चौकोनी आणि गोल दोन्ही गजांवर बसला पाहिजे. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत एकाच वॉर्डात तीन प्रकारचे पलंग दिसतात. पलंग पूर्ण खाली केल्यावर पिशवी जमिनीला टेकत नाही ना, हेही तिथेच मोजा.

नळी हवी तेवढीच लांब ठेवा. लांब नळीचा झोळ खाली लोंबतो, त्यात द्रव साठतो आणि १० सेंटीमीटर झोळ तेवढ्याच पाण्याच्या उंचीचा उलटा दाब देतो. सोबत चादरीला लावायची एक चिमटी दिली तर ताणही थांबतो आणि झोळही.

टप्पा ४: तोंडं, टोप्या, झाकण

सक्शनच्या डब्यावर रुग्णाकडची आणि निर्वाताकडची अशी दोन तोंडं असतात. ती सारख्या मापाची ठेवून वर नुसती अक्षरं कोरणं ही सर्रास होणारी चूक आहे. रात्री तीन वाजता कोरीव अक्षर दिसत नाही. उलटं जोडलं की द्रव गोळ्याला टाळून थेट भिंतीतल्या लाइनमध्ये जातो. दोन्ही तोंडांचं माप आणि आकार वेगळा ठेवा, चुकीची नळी बसताच कामा नये. ड्रेनची जोडणी सलाइनच्या सुईच्या जोडणीत बसेल अशीही ठेवू नका.

नळी काढली की तिच्या टोकाशी राहिलेले चार-पाच थेंब जमिनीवर पडतात. हे थेंब कुणी मोजत नाही, मावशी मात्र दिवसभर ते पुसत असतात. नळीवर डब्याजवळ एक चिमटा द्या आणि प्रत्येक तोंडाची टोपी पट्टीने झाकणालाच बांधलेली ठेवा. सुटी टोपी पहिल्याच दिवशी हरवते.

झाकण बसलं की ‘टक्’ आवाज आला पाहिजे आणि तो बोटालाही जाणवला पाहिजे. अर्धवट बसलेलं झाकण पूर्ण बसल्यासारखं दिसत असेल तर आरेखन बदला.

> तपासणी: दोन ग्लोव्हज घाला, ते साबणाच्या पाण्यात बुडवा, डोळे मिटा आणि टोप्या लावा. जमलं नाही तर माप वाढवा.

टप्पा ५: रिकामं करणं, की घट्ट करणं?

आधी ठरवा: डबा ओतून रिकामा करायचा, की द्रव आतच घट्ट करून टाकायचा.

ओतायचा असेल तर दोन वाटा द्या, एकीतून द्रव बाहेर आणि दुसरीतून हवा आत. एकच तोंड असेल तर द्रव भकभक उसळत बाहेर येतो आणि शिंतोडे थेट तोंडावर उडतात. ओतायची चोच मुठीच्या समोरच्या बाजूला ठेवा, म्हणजे मनगट वळवावं लागत नाही.

पिशवीला खाली तोटी असते. तोटी उघडी की बंद हे दुरून दिसलं पाहिजे. पिशवी चादरीवरून घसरताना ती आपोआप उघडू नये, म्हणून तोटी वर मुडपून ठेवायला पिशवीवरच छोटा खिसा द्या. प्रत्येक रुग्णाचं ओतायचं भांडं वेगळं असतं आणि तोटीचं टोक त्या भांड्याला लागू द्यायचं नसतं, तेव्हा टोक कुठे धरायचं हे आकारावरूनच कळायला हवं.

घट्ट करायचं असेल तर पाणी शोषणारी भुकटी, सोडियम पॉलिअॅक्रिलेट, वापरतात. इथे तीन चुका ठरलेल्या असतात. पहिली, मात्रा नळाच्या पाण्यावर ठरवणं. खारट द्रवात ही भुकटी खूपच कमी शोषते, म्हणून चाचणी ०.९ टक्के सलाइनवर करा. दुसरी, भरल्यानंतर वरून भुकटी टाकणं. वर जेलीचा थर बसतो आणि खाली द्रव तसाच राहतो. भुकटी विरघळणाऱ्या पुडीत, भरण्याआधी तळाशी असावी.

तिसरी सर्वांत गंभीर आहे: सुट्या पुड्या रुग्णाच्या उशाशी ठेवणं. गोंधळलेल्या, वयस्कर रुग्णांनी त्या खाद्यपदार्थ समजून तोंडात टाकल्या आणि घशात जेली फुगून ते गुदमरले, म्हणून ब्रिटनच्या आरोग्यसेवेने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये धोक्याची सूचना काढली होती. पुडी डब्यात आतूनच बंदिस्त करा.

> इशारा: लघवी भरलेल्या डब्यात हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) ओतायला सांगणारी सूचना लेबलवर छापू नका. त्यातून झोंबणारा वायू निघू शकतो. निर्जंतुक करण्याची पद्धत रुग्णालयाच्या संसर्ग-नियंत्रण सिस्टरला विचारून लिहा.

टाकायची सोयही आताच ठरवा. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे नळ्या, कॅथेटर, युरोबॅग लाल पिशवीत जातात; तो माल ऑटोक्लेव्हसारख्या (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करण्याच्या) प्रक्रियेनंतर तुकडे करून पुढे जातो. द्रव घट्ट करून भरलेला डबा कोणत्या रंगात घेतला जाईल, हे त्या रुग्णालयाचा कचरा उचलणाऱ्या सामायिक केंद्राला साच्याची ऑर्डर देण्याआधी विचारा.

टप्पा ६: प्लास्टिक आणि निर्जंतुकीकरण एकत्र निवडा

प्लास्टिक आधी आणि निर्जंतुकीकरण शेवटी, असा क्रम लावला की साचा फुकट जातो. पीव्हीसीची फिल्म उच्च वारंवारतेच्या वेल्डिंगने सुंदर जुळते. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन त्या यंत्रावर जुळत नाहीत. पॉलिकार्बोनेट काचेसारखं दिसतं, पण अल्कोहोल आणि जंतुनाशकं पुसून पुसून ताणाच्या जागी त्याला बारीक तडे जातात.

निर्जंतुक डबा हवा असेल तर आपल्याकडे गॅमा किरणांची सोय जवळ आहे: तुर्भ्यातल्या कारखान्याला ब्रिट या सरकारी संस्थेची वाशी आणि ट्रॉम्ब्याची (आयसोमेड) विकिरण केंद्रं; तुमचा माल कुठे घेतात ते आधी विचारा. नेहमीची मात्रा २५ किलोग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक). एवढ्या मात्रेत साधं पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होतं आणि पीव्हीसी पिवळी पडते, तेव्हा किरण सोसणारा ग्रेड मागा. इथिलीन ऑक्साइड वापरणार असाल तर वायू आत जाऊन पुन्हा बाहेर यायला हवा. टोप्या घट्ट लावून पाठवलेला डबा आतून निर्जंतुक होत नाही.

टप्पा ७: नमुना

पूर्ण डबा थ्रीडी प्रिंट करू नका. प्लास्टिकची तार वितळवून थर रचणाऱ्या प्रिंटरवर थरांमधून पाणी झिरपतं आणि तुम्ही आरेखनातला दोष शोधत बसता. बाजारातला मिळताजुळता डबा घ्या, झाकण तेवढं रेझिनच्या प्रिंटरवर छापा. पॉलिप्रॉपिलीन साच्यात १ ते २.५ टक्के आक्रसतं, म्हणून नमुन्यात छान बसलेलं झाकण साच्यातून आल्यावर सैल निघू शकतं. साचेवाल्याला सीलची जागा स्टील-राखून, म्हणजे साच्यात थोडं स्टील जास्त ठेवून, करायला सांगा, नंतर घासून जुळवता येते. इंजेक्शनचा गेट (वितळलेलं प्लास्टिक साच्यात शिरतं ती जागा) सीलच्या कडेवर येऊ देऊ नका.

टप्पा ८: चाचण्या, आणि त्या पाण्यावर नकोत

तीन द्रव तयार ठेवा: भांडी घासायच्या साबणाचे थेंब आणि खायचा रंग घातलेलं पाणी, ग्लिसरीन मिसळलेला जाड द्रव, आणि अंड्याचा पांढरा बलक घालून फेसवलेलं सलाइन. साबणाचं पाणी अशा फटीतून जातं जिथून साधं पाणी जात नाही. बलक जाळीची खरी परीक्षा घेतो.

प्रत्येक चाचणीला निदान १० नग घ्या. चाचणीआधी डब्याखाली टिपकागद ठेवा, आधी आणि नंतर त्या कागदाचं ०.१ ग्रॅमच्या काट्यावर वजन करा. ‘थोडंसं ओलं झालं’ हे निकालाच्या तक्त्यात लिहायचं वाक्य नाही.

क्रम असा ठेवा. भरून २४ तास ४० अंश सेल्सिअस तापमानात उभा. मग आडवा, मग उलटा, प्रत्येकी १० मिनिटं. मग एक मीटरवरून तळावर, कडेवर आणि झाकणावर टाका. प्रत्येक वेळी नवा नग घ्या, नाहीतर आधीच्या आपटण्याने गेलेला तडा नंतरच्या चाचणीच्या नावावर जातो. निर्जंतुकीकरण झालेल्या नगांवर हे सगळं पुन्हा करा. सक्शनचा डबा असेल तर ८० किलोपास्कल, म्हणजे सुमारे ६०० मिलिमीटर पाऱ्याइतक्या निर्वाताखाली धरा. डबा आत चेपून फुटू शकतो, म्हणून जाड पारदर्शक आडोशामागून पाहा.

नंतर प्रवास. भरलेले डबे खोक्यात घालून ठाणे स्टेशनपासून घोडबंदर रोडने रिक्षातून फिरवा, पावसाळ्यात जमलं तर उत्तम. मे महिन्यात भिवंडीच्या पत्र्याच्या गोदामात दोन आठवडे ठेवलेले नगही घ्या, कारण तुमचा माल तिथेच पडून राहणार आहे.

> तपासणी: नापास झालेला नग दुरुस्त करून पुन्हा त्याच चाचणीत घालू नका. आरेखन बदला, आणि सगळी मालिका पहिल्यापासून करा.

टप्पा ९: परवाना, मग वॉर्ड

वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ प्रमाणे उपकरणांचे ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत. ए आणि बी वर्गाचा उत्पादन परवाना राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं, सी आणि डीचा केंद्राकडून येतो. निर्जंतुक नसलेल्या आणि मोजमाप न करणाऱ्या ए वर्गाच्या उपकरणांना परवान्यातून सूट आहे, नोंदणी मात्र करावी लागते. तेव्हा डब्यावर मिलिलिटरच्या खुणा छापण्याआधी तुमचं उपकरण कुठे बसतं ते विचारा. चाचणीसाठी थोडे नग बनवायलाही वेगळा परवाना आहे, तो एमडी-१३ या नमुन्यात मिळतो. जोखमीची नोंदवही आयएसओ १४९७१ (वैद्यकीय उपकरणांच्या जोखीम-व्यवस्थापनाचं मानक) प्रमाणे पहिल्या दिवसापासून ठेवा. शेवटी आठवून लिहिलेली वही तपासणीसाच्या लगेच लक्षात येते.

वॉर्डात डबा नेलात की समजावून सांगू नका. सिस्टरच्या हातात द्या आणि गप्प उभं राहा. मावशींना तो रंगीत पाण्याने भरून द्या, आणि एका हातात दुसरी बादली धरून मोरीपर्यंत न्यायला सांगा. कुठे थबकतात, कुठे दुसरा हात मागतात, कुठे मान मागे घेतात, ते लिहा. मान मागे गेली म्हणजे शिंतोडा अपेक्षित आहे, मग तो उडो वा न उडो. आठ-दहा जणांत तोच अडथळा तीनदा दिसला तर ती माणसांची सवय म्हणून सोडू नका, टप्पा ४ किंवा ५ वर परत जा.

घरी जाणाऱ्या रुग्णासाठी चित्रांचं एक पान द्या, मराठी आणि हिंदीत: पिशवी कमरेच्या खाली कशी ठेवायची, तोटी कुठे धरायची, किती भरली की ओतायची. ते पान डिस्चार्जच्या दिवशी एका नातेवाइकाच्या हातात द्या आणि त्याच्याकडून रंगीत पाण्याने एकदा करून घ्या. त्याचं चुकलं तर चूक कुठे झाली ते चित्रात शोधा आणि दुसऱ्या दिवशी बदललेलं चित्र घेऊन पुन्हा जा.